दाताची कबर आणि पाण्याचा खजिना

बीड शहराच्या दक्षिणेला करजणी गावाजवळच्या टेकडीवर एक छोटी दगडी इमारत आहे. तिला कबर म्हणतात, पण तिच्यात कोणी माणूस पुरलेला नाही. दिल्लीचा सुलतान मुहम्मद बिन तुघलक याचा पडलेला दात तिथे पुरला, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. या सांगण्याला लेखी आधारही आहे. फिरिश्ता या फार्सी इतिहासकाराने आपल्या ग्रंथात ही हकीकत दिली आहे. सुलतानाचा दात बीडजवळ पडला, त्याने तो समारंभपूर्वक पुरायला लावला आणि त्यावर इमारत बांधवली, असे तो लिहितो. सुलतानाच्या या पोकळ बडेजावाबद्दलची नापसंतीही तो लपवत नाही.

तो प्रसंग १३३५ च्या सुमाराचा. तमिळ मुलखात, ज्याला तेव्हा माबर म्हणत, तिथल्या सुभेदाराने बंड केले होते. ते मोडायला सुलतान मोठी फौज घेऊन निघाला. वरंगळला पोहोचेपर्यंत फौजेत साथ पसरली. सैनिक पटापट मरू लागले आणि खुद्द सुलतानही आजारी पडला. मोहीम अर्धवट टाकून तो दौलताबादकडे परत फिरला. त्या परतीच्या वाटेवर बीड लागले. माबर हातचे गेले ते गेलेच, मदुरेला स्वतंत्र सुलतानशाही उभी राहिली. फौजेतल्या मेलेल्यांची नावे कोणी कुठे कोरली नाहीत, दाताला मात्र इमारत मिळाली. सत्ता माणसाला किती आंधळे करते, हे समजून घ्यायला मराठवाड्यात याहून बोलके स्मारक मला तरी माहीत नाही.

पण बीडमधल्या सुलतानांच्या काळाचे मोजमाप या एकाच इमारतीवरून केले तर त्या काळावर अन्याय होईल. त्याच दक्षिण दिशेला, मांजरसुंब्याकडे जाताना शहरापासून पाच-सहा किलोमीटरवर दुसरे एक बांधकाम आहे. ते जमिनीच्या वर नाही, खाली आहे, म्हणून दुरून दिसत नाही. ती खजाना विहीर. दाताच्या कबरीनंतर सुमारे अडीचशे वर्षांनी, १५८२ मध्ये ती बांधली गेली. या दोन वास्तूंच्या मधल्या काळात बीडने काय पाहिले आणि त्यातले काय टिकले, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी एक घोळ दूर करायला हवा. मराठवाड्यात कोणतीही जुनी दगडी इमारत दिसली की लोक ‘निजामाच्या काळातली’ म्हणून मोकळे होतात. पण निजामशाही वेगळी आणि हैदराबादचा निजाम वेगळा. अहमदनगरची निजामशाही १४९० ते १६३६ या काळात होती. हैदराबादचे आसफजाही निजाम १७२४ पासून १९४८ पर्यंत राज्य करत होते. दोहोंमध्ये नात्याचा काही संबंध नाही आणि मध्ये जवळजवळ नव्वद वर्षांची मोगलाई आहे. खजाना विहीर अहमदनगरच्या निजामशाहीतली आहे. रझाकार, हैदराबाद मुक्तिसंग्राम या सगळ्याशी जोडलेला निजाम तो नव्हे. हा फरक लक्षात ठेवला नाही तर चारशे वर्षांपूर्वीच्या माणसांच्या कामाचे श्रेय आणि दोष दोन्ही भलत्यांच्या पदरात पडतात.

राजकीय इतिहास थोडक्यात असा. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि पुढच्या वीस-बावीस वर्षांत यादवांचे राज्य संपले. १३२७ मध्ये तुघलकाने देवगिरीचे दौलताबाद करून तिथे राजधानी हलवली, तेव्हा बीड हा राजधानीच्या दक्षिणेकडचा अगदी जवळचा मुलूख झाला. १३४७ मध्ये दख्खनच्या अमिरांनी दिल्लीचे जू झुगारले, हसन गंगू गादीवर बसला आणि बहमनी राज्य सुरू झाले. बीड त्याच्या दौलताबाद तरफेत, म्हणजे प्रांतात, आले. १४६० च्या सुमारास बहमनी घरातली भाऊबंदकी थेट बीडपर्यंत आली. हुमायून शाह, ज्याला इतिहासात ‘जालीम’ हेच नाव चिकटले आहे, त्याचा भाऊ हसन बीदरच्या कैदेतून सुटून बीडकडे आला आणि इथल्या परिसरात दोघांच्या फौजा भिडल्या. हसन हरला, पकडला गेला आणि हुमायूनने त्याला वाघापुढे टाकले. राजघराण्यातल्या माणसाची ही गत, तर ज्यांच्या उभ्या पिकातून घोडदळ गेले त्या कुणब्यांचे काय झाले असेल, याची नोंद ठेवण्याची कोणाला गरज वाटली नाही.

१४८१ मध्ये महमूद गवान या कर्तबगार वजिराचा कटाने बळी घेतला गेला. त्या कटातला एक प्रमुख माणूस म्हणजे मलिक हसन निजाम-उल-मुल्क बहिरी. पुढे तोच वजीर झाला आणि बीडसह काही परगणे त्याच्या जहागिरीत आले. कारभार पाहायला त्याने आपला मुलगा मलिक अहमद याला पाठवले. याच मलिक अहमदाने १४९० मध्ये बहमनी फौजेचा पराभव करून स्वतंत्र निजामशाही उभारली. म्हणजे अहमदनगरच्या राज्याची उभारणी होण्याआधी बीड हे त्याच्या संस्थापकाच्या हाती होते. फिरिश्ता या घराण्याचे मूळ गोदावरीपलीकडच्या पाथरीच्या कुलकर्ण्यांत दाखवतो. लहानपणी विजयनगरच्या मुलखात पकडलेला एक ब्राह्मण मुलगा बहमनी दरबारात मुसलमान म्हणून वाढला आणि त्याचा मुलगा सुलतान झाला. या घराण्याने पुढे वऱ्हाडच्या इमादशाहीशी लढाया केल्या, त्यामागे पाथरी आपल्या राज्यात असावी हेही एक कारण होते. दख्खनचे सुलतान म्हटले की परके, समुद्रापलीकडून आलेले, असे चित्र डोळ्यांपुढे येते. त्यांतला एक तरी बीडपासून दोन दिवसांच्या वाटेवरचा होता.

आता विहिरीकडे येऊ. मूर्तझा निजामशाहाच्या कारकिर्दीत बीडची जहागीर सलाबतखानाकडे होती. त्याच्या सांगण्यावरून राजा भास्कर या अहमदनगरच्या स्थापत्यकाराने ही विहीर बांधली. १८९८ मध्ये बीडचे काझी मुहम्मद कुतुबुल्लाह यांनी ‘तारीख-ए-बीर’ हा उर्दू इतिहास लिहिला, त्यात राजा भास्कराचे नाव आले आहे. मुसलमान जहागीरदार, हिंदू स्थापत्यकार, इराणी तंत्र आणि बालाघाटातला गवंडी, असा तो मेळ आहे.

विहिरीचे खरे कौतुक तिच्या आकारात नाही, पाणी आत येण्याच्या आणि बाहेर जाण्याच्या रीतीत आहे. साध्या विहिरीत पाणी खालून पाझरते आणि ते वर काढायला मोट लागते, बैल लागतात, माणूस लागतो. खजाना विहिरीला जमिनीखालून तीन भुयारी सारण्या जोडलेल्या आहेत. दोन सारण्यांतून पाणी विहिरीत येते आणि तिसरीतून बाहेर पडते. बाहेर पडणारे पाणी उताराने वाहत जाऊन बलगुजार भागातल्या शेतांत निघते. बैल नाही, दोर नाही, चाक नाही. जमिनीचा उतार हाच पाणी उचलणारा गडी.

हे जमते कसे? बालाघाटाच्या डोंगररांगेवर पडलेला पाऊस मुरमात आणि दगडाच्या फटींत मुरतो आणि जमिनीखालून बिंदुसरा नदीच्या खोऱ्याकडे सरकत राहतो. उंचावर, जिथे हे पाणी फार खोल नाही, तिथे भुयार खोदून त्याला गाठायचे. मग भुयाराचा तळ अगदी थोडा उतरता ठेवत खालच्या अंगाला न्यायचे. जमिनीचा उतार भुयाराच्या उतारापेक्षा जास्त असल्याने काही अंतरावर भुयारच जमिनीच्या पातळीला येऊन मिळते आणि पाणी आपोआप उघड्यावर पडते. सगळी करामत त्या उतारात असते. तो जास्त झाला तर वेगाने वाहणारे पाणी भुयाराचा तळ खाते, कमी झाला तर गाळ साचतो. आजच्यासारखी लेव्हल लावणारी यंत्रे नसताना जमिनीच्या पोटात हा हिशेब बरोबर साधणे ही फार मोठी विद्या आहे. पाणी जमिनीखालून जात असल्याने उन्हाळ्यात त्याची वाफ होत नाही. बीडसारख्या उन्हाच्या प्रदेशात हा फायदा किती मोठा, ते इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको.

हे तंत्र मूळचे इराणचे, तिथे त्याला कनात किंवा कारेझ म्हणतात. इराणातून दख्खनमध्ये व्यापारी, शिपाई, मुत्सद्दी आणि विद्वान सतत येत होते. महमूद गवान स्वतः कॅस्पियन समुद्राकाठच्या गिलान प्रांतातला. त्याच ओघात ही विद्या बहमनींच्या बीदरला आली आणि तिथले कारेझ आजही पाहता येते. अहमदनगरला खापरी नळांनी पाणी खेळवले गेले. १६१० मध्ये निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवले आणि तिथे नहर काढली. बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा मोगलांच्या काळातला, १६१५ च्या सुमाराचा. यातली बीडची विहीर खडकीच्या नहरीहून आणि कुंडी भंडाऱ्याहून आधीची आहे, आणि तिचा मुख्य उपयोग शहराच्या हौदांसाठी नव्हे तर शेतीसाठी होता. खडकीची आणि बुऱ्हाणपूरची नावे पुस्तकांत ठळक येतात, खजाना विहीर मात्र जिल्ह्याबाहेर फारशी कोणाला माहीत नाही, याची खंत वाटते.

ही विद्या सुलतानांबरोबर संपली नाही. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून पुण्याला पाणी आणले, तेव्हा तीच पद्धत वापरली. जमिनीखालचा दगडी नळ, मधूनमधून हवेसाठी आणि गाळ काढण्यासाठी ठेवलेले उच्छ्वास, आणि शेवटी हौद. पेशवाईच्या पाण्याचा अभिमान बाळगणाऱ्या पुणेकराने या वंशावळीत बीडच्या राजा भास्कराला जागा द्यायला हवी.

खजाना विहीर बांधली गेली त्याच वर्षांत फिरिश्ता मूर्तझा निजामशाहाच्या दरबारात वाढत होता. पुढे १५८९ मध्ये तो विजापूरला गेला आणि तिथे त्याने आपला इतिहास लिहिला. दाताच्या कबरीवर त्याने जो शेरा मारला तो अशा काळातल्या माणसाचा आहे, ज्या काळात त्याच बीडजवळ एक जहागीरदार पाण्यावर पैसा खर्च करत होता. त्याच्या शेऱ्याला म्हणूनच माझ्या लेखी जास्त वजन आहे.

तुघलकाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर चित्र अपुरे राहील. मराठी कागदपत्रांत शेकडो वर्षे जो शुहूर सन चालला, त्याचा आरंभ इतिहासकार त्याच्याच कारकिर्दीत, १३४४ च्या सुमारास धरतात. हिजरी वर्ष चंद्रावर चालते, त्यामुळे ते दरवर्षी सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा दिवसांनी मागे सरकते. सारा मात्र पिकावर बसतो आणि पीक ऋतूवर येते. काही वर्षांतच हिजरी महिना आणि सुगी यांची फारकत होते आणि पीक हाती येण्याआधी वसुलीची तारीख उगवते. यावर उपाय म्हणून दख्खनमध्ये सूर्याच्या गतीवर चालणारे वर्ष सुरू झाले. सूर्य मृग नक्षत्रात आला की नवे वर्ष लागे, म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणत. पेरणीला निघालेल्या शेतकऱ्याचे आणि सरकारी दफ्तराचे वर्ष एकाच दिवशी सुरू होऊ लागले.

हा सन पुढे शिवकाळात चालला, पेशवाईत चालला. १० ऑगस्ट १७६३ रोजी गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला गोदावरीकाठी थोरल्या माधवराव पेशव्यांनी हैदराबादच्या निजामाचा पराभव केला. त्या वर्षाच्या मराठी पत्रांवर जो सन पडे तो ‘अर्बा सितैन मया व अलफ’, म्हणजे चार, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६४. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन निघतो. निजामाला हरवणाऱ्या पेशव्यांचे दफ्तरही दिल्लीच्या एका सुलतानाच्या वेळी सुरू झालेल्या कालगणनेवर चालत होते, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही. बीडच्या मातीत त्याचा दात राहिला की नाही कोण जाणे, त्याचा सन मात्र मराठी कागदांवर जवळजवळ पावणेपाचशे वर्षे राहिला.

सुलतानांच्या काळातली दुसरी बाजू पाहायची तर अंबाजोगाईला जावे. दासोपंत (१५५१–१६१५) तिथले. त्यांचे वडील दिगंबरपंत बीदरच्या बरीदशाही मुलखातले देशपांडे. त्यांच्या चरित्रात कथा येते ती अशी. सरकारात सारा भरायचा राहिला म्हणून सुलतानाने कोवळ्या दासोपंताला ओलीस ठेवून घेतले. मुदतीत पैसा आला नाही तर मुलाला मुसलमान करू, असे बजावले. शेवटी दत्ताजी पाडेवार नावाच्या एका सामान्य माणसाच्या रूपात स्वतः दत्ताने येऊन रक्कम भरली आणि मुलगा सुटला. चमत्काराचा भाग श्रद्धेचा आहे. पण त्या कथेतली भीती खरी आहे. वसुली चुकली तर देशपांड्याच्या घरातला मुलगासुद्धा सुरक्षित नव्हता, मग रयतेची काय कथा. सुलतानांच्या राज्याचे गुणगान करताना हे पान फाडून टाकता येणार नाही, आणि त्यांच्या विहिरी पाहताना हे पान तेवढेच वाचून थांबताही येणार नाही.

सुटून आलेल्या त्या मुलाने पुढे अंबाजोगाईत बसून मराठीत अफाट लेखन केले. गीतेवरचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा असल्याचे परंपरा सांगते. त्यांनी पंचीकरण हा वेदान्ताचा विषय सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर आकृत्यांसह लिहिला. ती त्यांची प्रसिद्ध पासोडी अंबाजोगाईत जपलेली आहे. १५८२ मध्ये इकडे खजाना विहिरीचे काम झाले तेव्हा तिकडे दासोपंत एकतीस वर्षांचे होते. एकाच प्रदेशात, एकाच पिढीत ही दोन्ही कामे झाली.

आष्टी तालुक्यातले वाहिरा हे शेख महंमदांचे जन्मगाव म्हणून सांगतात. श्रीगोंद्याचे शेख महंमद म्हणून ते ओळखले जातात, कारण त्यांचा मठ तिथे आहे. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले निजामशाहीचे सरदार होते आणि ते शेख महंमदांना मानत. शेख महंमदांचे गुरू चांद बोधले दौलताबादचे, आणि परंपरेने एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हेही चांद बोधल्यांचेच शिष्य. शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ १६४५ मध्ये पूर्ण केला, तो मराठी ओव्यांत. मुसलमान घरात जन्मलेला एक माणूस अध्यात्मावर मराठीत ग्रंथ लिहितो, हे घडायला दोन-अडीचशे वर्षांचा सहवास लागतो. तो सहवास कोणत्याही सुलतानाच्या फर्मानाने आला नाही. दर्ग्याच्या पायरीवर, मठाच्या ओसरीवर आणि आठवड्याच्या बाजारात तो तयार झाला.

बीड शहरातला शहेनशाहवली दर्गा हा त्याचा जुना साक्षीदार. हे चिश्ती परंपरेतले सूफी तुघलकाच्या काळात बीडला आले असे मानतात. ज्या सुलतानाच्या काळात ते आले त्याच्या दाताकडे आज कोणी फिरकत नाही, आणि त्यांच्या उरुसाला मात्र दरवर्षी सगळ्या जातिधर्मांचे लोक येतात. पुढे अठराव्या शतकात बीडच्या मन्सूरशाह वली यांना महादजी शिंद्यांनी गुरू मानले. दिल्लीच्या बादशाहाला आपल्या आश्रयाखाली आणणारा मराठ्यांचा हा सेनापती बीडच्या एका फकिराचा भक्त होता. शिंदे घराण्याने ती श्रद्धा ग्वाल्हेरला नेली आणि तिथल्या गोरखी वाड्यात मन्सूरशाहांचे ठाणे आजवर सांभाळले. आणि याच बीड शहरात, कुंडाच्या पाण्यात, मध्ययुगातले कंकालेश्वर मंदिर उभे आहे. खिलजी, तुघलक, बहमनी, निजामशाही, मोगल आणि आसफजाही एवढ्या सत्ता त्याच्या शेजारून गेल्या.

किल्ल्यांबद्दल मी कमी लिहितो आहे, कारण त्यांच्यावर बरेच लिहिले गेले आहे. तरी धारूरचे नाव घेतलेच पाहिजे. तालिकोटच्या लढाईनंतर दोनच वर्षांनी, १५६७ मध्ये, विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार किश्वरखान लारी याने निजामशाहीच्या तोंडावर हा किल्ला उभारला. तालिकोटला खांद्याला खांदा लावून लढलेली ही दोन राज्ये इतक्या लवकर पुन्हा एकमेकांच्या उरावर बसली होती. मूर्तझा निजामशाहाने किल्ला घेतला आणि किश्वरखान त्यात मारला गेला. किल्ल्याच्या तीन बाजूंना खोल दऱ्या आहेत आणि चौथ्या बाजूला खंदक. आतले तलाव पाहावेत. शिबंदीला वर्षभर पुरेल एवढे पाणी डोंगराच्या माथ्यावर साठवल्याशिवाय या मुलखात किल्ला लढवता येत नाही, हे बांधणाऱ्याला पुरते ठाऊक होते.

पुढे १६३०-३१ मध्ये शाहजहानच्या फौजा बंडखोर खानजहान लोदीच्या मागावर बीड-धारूर भागात आल्या आणि मोगल सरदार आझमखानाने धारूर घेतले. ती दख्खनच्या भीषण दुष्काळाची वर्षे होती. पाऊस नाही, आणि जे धान्य होते ते फौजांनी खाल्ले. त्या दुष्काळात गावेच्या गावे ओस पडली. पाण्याची सोय करणारी सत्ता खचली आणि लढणारी सत्ता आली की या प्रदेशाचे काय होते, ते त्या दोन वर्षांत दिसले.

माझे मत स्पष्ट आहे. अवर्षणप्रवण मुलखातल्या राज्यकर्त्याची परीक्षा त्याने पाण्याचे आणि रयतेचे काय केले यावर घ्यावी, मग तो सुलतान असो, पेशवा असो की आजचे सरकार. या परीक्षेत सलाबतखान आणि राजा भास्कर उत्तीर्ण होतात. तुघलक दाताच्या बाबतीत नापास होतो आणि सनाच्या बाबतीत उत्तीर्ण. बरीदशाही सुलतान दासोपंतांच्या कथेत सपशेल नापास आहे. धर्माच्या रकान्यावरून हे गुण ठरत नाहीत.

खजाना विहिरीच्या बाबतीत आज एक गोष्ट तातडीची आहे. तिच्या सारण्या जमिनीखाली ठरावीक खोलीवर आहेत. भोवतालच्या आणि वरच्या अंगाच्या शिवारात शेकडो फूट खोल बोअर घेतले की भूजलाची पातळी सारण्यांच्या खाली जाते, आणि मग भुयार कितीही नेटके बांधलेले असो, त्यात पाणी शिरू शकत नाही. विहिरीचा गाळ काढणे आणि दगड बसवणे हे दुरुस्तीचे अर्धेच काम. उरलेले अर्धे काम पाणलोटात आहे. वरच्या उतारावर समतल चर, बांधबंदिस्ती आणि झाडे हवीत, आणि सारण्यांच्या वाटेवर नवे बोअर घेण्यावर बंदी हवी. सारण्या नेमक्या कुठून कशा जातात याचा नकाशा गावच्या चावडीवर लागला पाहिजे, म्हणजे विंधनयंत्र बोलावण्याआधी शेतकऱ्याला तो पाहता येईल. बीडकरांनो, आपल्या ग्रामसभेत हा विषय मांडा आणि तसा ठराव करून घ्या.